भूमी हरीची, वहिवाट आपली

गेल्या चैत्रात फुलसावंगी येथे नामसप्ताह झाला. त्यातील एका रात्रीची कीर्तनसेवा आमच्याकडे होती. फुलसावंगी हे आमचे जन्मगाव. जिल्हा यवतमाळ, तालुका महागाव. पैनगंगेच्या अलीकडचा हा मुलूख. पलीकडे गेले की माहूरची आई. जमीन काळी, पीक कपाशी, तूर आणि अलीकडे सोयाबीन. आम्ही भागवताच्या चौथ्या स्कंधातील पृथुराजाचे आख्यान लावले होते, आणि भूमी ही हरीची, माणूस तिचा नुसता राखणदार, हा सिद्धांत दोन घटका घोळून सांगितला. लोक डोलले, टाळकऱ्यांनी साथ चांगली दिली, आम्हीही मनातून थोडे फुगलो. खोटे कशाला सांगावे?

दुसरे दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर बसलो असता एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत आले. हे आमच्या वडिलांच्या वेळी घरी सालदार होते. सारा गाव आम्हांस महाराज म्हणतो; यांच्या तोंडी मात्र जुनाच शब्द आहे. ते म्हणाले, “मालक, एक इचारू का? राती तुमी म्हनलं, जमीन देवाची हाय. मंग आपल्या धुऱ्यावरचा थो आंबा कोनाचा होता?”

प्रश्न ऐकून आम्ही खाली पाहिले. त्या आंब्याची हकीकत पुढे येईलच. आधी शास्त्र पाहू. शास्त्राच्या आडोशाला बसणे आम्हां कीर्तनकारांस नेहमीच सोयीचे पडते.

वारकऱ्यास हा विषय नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायाच्या आरंभी माउलींनी हाच वाद शेतकऱ्याच्या भाषेत मांडला आहे. देहरूपी हे क्षेत्र कोणाचे, यावर निरनिराळे मतवादी भांडतात. जीववादी म्हणतो, मालक जीव आणि प्राण हे त्याचे कूळ. प्राणाच्या घरचे चार भाऊ शेतात राबतात, मन त्यांच्यावर देखरेख करते, इंद्रियांची बैलजोडी रात्र म्हणत नाही की पहाट म्हणत नाही. मग प्रकृतिवादी उठतो आणि जीवाची मालकी खोडून काढतो. त्याचे दुसरा खोडतो, त्या दुसऱ्याचे तिसरा. वाचताना तालुक्याच्या कचेरीतील व्हरांडा डोळ्यांसमोर येतो. प्रत्येकाच्या हातात कागद, आणि प्रत्येकाचा कागद खरा! माउलींचा रोख अर्थातच देहावर आहे. पण साडेतीन हातांच्या या वावराचा मालक ठरवताना जिथे एवढे मतवादी थकले, तिथे साडेतीन एकरांचा मालक आम्ही किती सहज ठरवून टाकतो, एवढे ध्यानात घ्यावे.

आता मीमांसा. आमचे गुरुजी हे अधिकरण शिकवताना अगदी रंगून जात. विश्वजित् नावाचा एक याग आहे, त्यात यजमानाने आपले सर्वस्व दान करावयाचे असते. जैमिनींच्या सूत्रांत, सहाव्या अध्यायाच्या सातव्या पादात, प्रश्न असा घातला आहे की यजमान सार्वभौम राजा असेल, तर त्याने पृथ्वीही दान द्यावी काय? सूत्रकारांचे उत्तर, नाही. कारण भूमी सर्वांना सारखीच आहे. शबरस्वामी भाष्यात खुलासा करतात की राजा पिकाचे रक्षण करतो म्हणून पिकाच्या ठराविक भागावर त्याचा अधिकार चालतो, भूमीवर चालत नाही. जे आपले नाही ते दान कसे द्यावे?

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचे काही कीर्तनकार बंधू हे अधिकरण अर्धेच सांगतात. त्याच भाष्यात असेही आहे की शेतांचे धनी माणसे असल्याचे दिसते, सबंध पृथ्वीचा धनी मात्र कोणी दिसत नाही. म्हणजे शास्त्राने शेतकऱ्याचे शेत काढून घेतले नाही. एका शेताची वहिवाट वेगळी आणि पृथ्वीचे स्वामित्व वेगळे, एवढा भेद केला. हा भेद सोडला की दोन्हीकडून घोटाळा होतो. एक जण म्हणतो, माझे आहे, वाटेल ते करीन. दुसरा म्हणतो, देवाचे आहे, मला काय त्याचे!

याच्याही मागची कथा ब्राह्मणग्रंथांत आहे. विश्वकर्मा भौवन नावाच्या राजाने यज्ञ केला आणि कश्यप ऋषींना पृथ्वीच दक्षिणा म्हणून देण्याचा बेत केला. तेव्हा पृथ्वी स्वतः बोलली, की कोणाही मर्त्याला मला देऊन टाकण्याचा अधिकार नाही. तू मूर्ख आहेस, मी पाण्यात बुडून जाईन आणि तुझे वचन फुकट जाईल. भागवताच्या बाराव्या स्कंधात तर ही भूमी राजांना हसते. मला जिंकू म्हणणारे किती आले आणि गेले, बाप गेला तसा लेक गेला, तरी यांचा हव्यास सुटत नाही, म्हणून हसते. आमच्या गावात जुन्या फेरफाराची बाडे काढून पाहिली तर तेच हसू ऐकू येईल. नावावर आडवी रेघ, खाली मुलाचे नाव, त्यावरही रेघ.

आता पृथूचे आख्यान. यावर थोडे थांबू, कारण शेतकऱ्याला लागेल ते सारे यात आहे. दुष्काळ पडला, प्रजा हाडांचा सापळा झाली आणि राजाच्या दारी आली. पृथूने धनुष्य उचलले. भूमीने बी गिळून ठेवले आहे, हिला शासन केले पाहिजे, असा त्याचा पवित्रा. भूमी गाईचे रूप घेऊन पळाली. शेवटी थांबली आणि बोलली. तिचे बोलणे आम्ही आमच्या शब्दांत सांगतो: ‘राजा, धान्य मी गिळले हे खरे. पण का गिळले ते विचार. नेमधर्म न पाळणारे लोक मला ओरबाडून खात होते, तुम्ही राजे माझे रक्षण करीत नव्हता. जो तो चोर झाला, म्हणून यज्ञापुरते बी तरी राहावे या बुद्धीने मी ते पोटात ठेवले.’

पुढे ती उपाय सांगते, तो फार मोलाचा आहे. एक, मला योग्य वासरू आण. दुसरे, भांडे आण आणि दोहणारा आण. तिसरे, मला सपाट कर, म्हणजे देवाने पाडलेले पाणी पावसाळा सरल्यावरही माझ्या अंगावर टिकेल.

वाचकहो, बांधबंदिस्ती, समतल चर, पाणी अडवा नि पाणी जिरवा, असे आज कृषिखाते सांगते, ते भागवतात भूमी स्वतः मागते आहे. तेव्हा शेताला ताल घालणे, उताराला आडवी पेरणी करणे, नाल्याकाठचे गवत राखणे ही हरीच्या भूमीने मागितलेली सेवा आहे. आषाढातल्या एका जोराच्या पावसाने उघड्या वावराची वरची माती वाहून पैनगंगा लाल-काळी होते. तो रंग पाहून ज्याला काही वाटत नाही, त्याने पृथूचे आख्यान ऐकले नाही असेच म्हणावे.

आणि वासरू. गाय दोहणाऱ्यास हे फोडून सांगावे लागत नाही. वासरू लुचल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही, आणि जाणता माणूस शेवटचे सड वासरासाठी सोडतो. चारही सड पिळून घेणाऱ्याची गाय दुसऱ्या वर्षी आटते. जमिनीचे वासरू कोण, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. शेणखत घेणारी माती हे वासरू. मातीतले गांडूळ हे वासरू. शेतात राबणारा मजूर हेही वासरूच. सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला गृहस्थधर्म सांगताना म्हणतात, की पोट भरेल तेवढ्यावरच देहधाऱ्याचा हक्क, त्यापुढे माझे म्हणणारा चोर समजावा. आणि लगेच पुढे सांगतात की हरीण, उंदीर, साप, पाखरे, माशा यांनाही पोटच्या पोरांसारखे लेखावे. उंदराचे नाव ऐकून शेतकरी हसेल, आम्हीही हसलो होतो. पण यादीत ते आहे.

इथे यवतमाळ जिल्ह्याची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २०१७ सालच्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसे दगावली, शेकडो दवाखान्यांत पडली. त्यांत मजूर पुष्कळ. दुसऱ्याच्या वावरात, रोजाने, पाठीवर पंप बांधून गेलेले. कपाशी छातीच्या वर वाढलेली, तोंडाला फडके, हातात मोजे नाहीत. औषध कोणते, किती, कशात मिसळले, हे त्यांना कोणी धड सांगितलेही नव्हते. भूमी हरीची असेल, तर त्या भूमीवर पाठवलेला माणूस कोणाचा? आम्ही त्या वर्षी जिल्ह्यात पुष्कळ कीर्तने केली आणि याविषयी एक शब्द बोललो नाही. विषय ‘सांप्रदायिक’ नाही असे वाटले होते.

आता कोणी म्हणेल, महाराज, देव मालक हे कीर्तनात ठीक, कागदावर कुठे आहे? आहे. देवस्थान इनामाच्या जमिनींचा सातबारा काढून पाहा. देव हा कायद्याने व्यक्ती मानला जातो, त्याच्या नावाने जमीन असते. पुजारी पिढ्यान्‌पिढ्या कसत आला म्हणून तो मालक होत नाही. ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील देवस्थानांच्या जमिनींबाबत निकाल देताना हे स्वच्छ सांगितले, की मालकाच्या रकान्यात देवाचेच नाव असावे. पुजारी हा जमिनीची व्यवस्था पाहणारा सेवक आहे, त्याचा ताबाही मालकाच्या वतीनेच समजावयाचा. आपल्याकडे अशा माणसाला वहिवाटदार हा जुना, सुरेख शब्द आहे. वहिवाटदाराने उत्पन्नातून दिवाबत्ती, नैवेद्य, उत्सव चालवावा, स्वतःचेही पोट भरावे. पण जमीन विकू नये, पडीक पाडू नये, आणि विचारले की हिशेब द्यावा.

आमचा एवढाच सिद्धांत आहे की प्रत्येक शेतकरी हा असा वहिवाटदार होय. सरकारी कागदावर नाव आपले असो, बापाचे असो की बायकोचे. दिवाबत्ती म्हणजे मातीला खत. नैवेद्य म्हणजे मजुराची भाकर आणि पाखराचा दाणा. हिशेब मागणारा विटेवर उभा आहेच.

पूर्वपक्ष असा येतो, की जमीन देवाची तर तोच सांभाळील, आम्ही कशाला मरावे? हा पूर्वपक्ष तोंडाने कोणी करीत नाही, वागण्याने सगळेच करतात. गायरान सरकारचे म्हणून कोणीही त्यावर नांगर घालतो. चंद्रभागेचे वाळवंट देवाचे म्हणून पत्रावळी आणि प्लास्टिकच्या बाटल्या तिथेच सोडून वारकरी परततो. त्यांत आमच्या दिंडीतलेही असतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. शेठजीच्या पेढीवर मुनीम ठेवला, आणि तो म्हणू लागला की पैसा शेठजींचा, मी कशाला मोजू, तर त्याला कोणी विरक्त म्हणणार नाही. दुसऱ्याचे आहे म्हणूनच अधिक जपावे, हा व्यवहारातला साधा शिरस्ता आहे.

दुसरा पूर्वपक्ष अधिक खोल आहे. तो गरीब शेतकऱ्याचा. तीन एकर कोरडवाहू, डोक्यावर कर्ज, आणि वरून महाराज सांगतात जमीन तुझी नाही! याचे उत्तर आम्ही तुकोबांच्या चरित्रातून घेतो. घरच्या सावकारीची खते इंद्रायणीत बुडवण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी कान्होबांच्या वाट्याची खते त्यांना देऊन टाकली आणि बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची, अशी परंपरेतील कथा आहे. ‘माझे नव्हे’ हे वाक्य प्रथमपुरुषी आहे. ‘तुझे नव्हे’ असे ते दुसऱ्याला ऐकवले की त्याचा अधर्म होतो. देणेकऱ्याच्या दारात उभा राहून सावकाराने, किंवा व्यासपीठावर बसून आम्ही, ते म्हणावयाचे नाही. आमच्याच महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे पत्नी आणि चार मुलांसह जीवनाचा शेवट केला. शेतीच्या हलाखीने झालेल्या अशा मृत्यूची ही राज्यातील पहिली जाहीर नोंद मानतात, आणि त्या दिवशी आता ठिकठिकाणी लोक अन्नत्याग करतात. त्याचे गाव फुलसावंगीला परके नव्हे. भूमी सर्वांची आहे, तर तिचे ओझे एकट्याच्या डोक्यावर का पडले, हा प्रश्न त्या सहा जिवांनी आम्हां सर्वांपुढे टाकला आहे. आमच्याजवळ त्याला उत्तर नाही.

दत्तपूरपासून पवनार जवळच. तेथले विनोबा. भागवतधर्माचा हा सिद्धांत पोथीतून उचलून रस्त्यावर आणला तो त्यांनी. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी हरिजनांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी ती मागणी सभेपुढे ठेवली, तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी उठून १०० एकर देऊ केली. पुढे सारी भूमी गोपाळाची अशी हाक देत विनोबा तेरा वर्षे देशभर पायी हिंडले. ज्याला पाच मुलगे त्याने आपल्याला सहावा समजून वाटा द्यावा, अशी त्यांची मागणी असे. भिक्षा नव्हे, हक्काचा वाटा. आपला यवतमाळ जिल्हा १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता, म्हणून विदर्भातील भूदानाला १९५३ चा मध्य प्रदेशाचा कायदा लागला. देशात चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली. त्यांतली पुष्कळ खडकाळ निघाली, काही वादातली निघाली, काही वाटलीच गेली नाही. देणाऱ्यांनी देवाला देतानाही माळरान शोधून काढले! तरी जी सुपीक जमीन भूमिहीनाच्या हाती गेली आणि त्याच्या चुलीवर पीठ शिजले, ती खोटी नव्हती. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड लोकांच्या गावाने २०१३ मध्ये १९६४ च्या ग्रामदान कायद्यान्वये आपल्या जमिनी ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचे ठरवले. त्यांनी आमचे कीर्तन ऐकले नव्हते.

असो. आता तो आंबा.

वडिलांच्या मागे आमचे आणि चुलतभावाचे धुऱ्यावरून बिनसले. वाद किती जमिनीचा? रुंदीने हातभर आणि लांबीने एक तास. अकरा वर्षे तारखा चालल्या. धुऱ्याच्या मधोमध गावरान आंब्याचे जुने झाड होते. आजोबांनी कोय लावलेली. निंदणाच्या बाया दुपारी त्याखाली भाकर सोडीत, सालदार बैल बांधी, पोपटांचा थवा असे. पुढे मोजणीची तारीख लागली. मोजणीत आंबा त्याच्या बाजूला जाईल, असे आम्हांस कोणी सांगितले. मोजणीच्या आठ दिवस आधी आम्ही तो तोडवला. लाकूड विकले. त्या पैशांत वकिलाची एक तारीख निभावली. आणि त्याच महिन्यात परगावी सप्ताहात वामनावतार लावून बळीचे दान आम्ही डोळ्यांत पाणी आणून सांगितले होते. बळीने तीन पावलांसाठी स्वतःचे डोके पुढे केले, आम्ही हातभरासाठी आजोबांचे झाड पाडले. मोजणी झाली तेव्हा झाडाचे बूड नेमके दोघांच्या मध्ये आले.

सालदार आजोबांचा प्रश्न हा होता. पारावर आम्ही त्यांना म्हणालो, “दादा, तो देवाचा होता. तोडला आम्ही.” ते काही बोलले नाहीत. तंबाखू मळली, आम्हांस दिली, आपण घेतली.

त्याच दुपारी चुलतभावाकडे गेलो. वहिनींनी पाणी दिले. मी पाहतो तो बाजेवर जुने कागद तिथेही फडक्यात बांधलेले, आमच्या घरी आहेत तसेच. म्हटले, “दादासाहेब, धुरा तुम्ही म्हणाल तिथे घालू. आम्ही दावा काढून घेतो.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “कीर्तनात सांगितलं म्हणून काढता का?” आम्ही म्हटले, “नाही. कीर्तनानंतर विचारलं म्हणून.” दावा निघाला, त्यालाही दोन तारखा लागल्याच.

मृग निघाल्यावर दोघांनी मिळून धुरा घातला, उताराला आडवा, पाणी थांबेल असा. बुडाच्या जागी दोन कोया लावल्या. एक उगवली. श्रावणात ती शेळीने खाल्ली. शेळी कोणाची हे सगळ्यांना माहीत आहे, पण या वेळी कोणी बोलले नाही. भाद्रपदात पुन्हा रोप आणले. सालदार आजोबा बोरीच्या काट्यांचे कुंपण घेऊन येतो म्हणाले आहेत. वाकवत नाही म्हणून नातवाला बरोबर आणणार आहेत.